आईची नखं

आमच्या घरात भाजी बाबा चिरतात. लग्नाआधीच्या एका तपासणीत आईचं रक्त गोठायला फार वेळ लागतो असं निघालं. लग्न झाल्या दिवसापासून सुरी, विळी, कात्री, सगळं बाबांनी ताब्यात घेतलं. तिची नखंसुद्धा तेच कापतात. मामाचा रिपोर्टही तसाच आला, तर त्या शूरवीराने वस्तऱ्याच्या धाकाने जन्मभर दाढी राखली.

मला या लाडांचा राग यायचा. पण आईच्या हृदयाची झडप निकामी झाली, आणि तो रिपोर्ट पाहून दोन सर्जननी हात वर केले, तेव्हा माझीच पाचावर धारण बसली. ऑपरेशनशिवाय ती फार काळ काढणार नव्हती.

मग रक्तविकारांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आईलाच विचारलं, "कधी खूप रक्त गेलंय? दात काढताना, बाळंतपणात?"

"छे हो! हे मला काही करू देतात कुठे?"

"बाळंतपण पण यांनीच केलं का?"

आई इतकी हसली की तिला धाप लागली.

नव्या तपासणीत कळलं, रक्त गोठवणारा एक घटक तिच्यात जन्मतःच नाही. त्यामुळे नळीतलं रक्त गोठायला वेळ लागतो. शरीराचं मात्र त्याच्यावाचून काही अडत नाही.

"खरी अडचण ऑपरेशनमध्ये आहे," बाई म्हणाल्या. "हृदयाचं काम मशीन करतं, तेव्हा औषधाने रक्त पातळ ठेवावं लागतं. ते पुरेसं पातळ झालंय का, हे नेहमीची चाचणी यांच्या बाबतीत चुकीचं सांगेल. आम्ही रक्तातलं औषधच मोजू."

म्हणजे ऑपरेशन होणार होतं! मला रडू फुटलं. आई म्हणाली, "घरी गेल्यावर पहिला कांदा मी चिरणार."

बाबा बाहेर बाकावर जाऊन बसले. "बरी होऊ दे गं," ते मला म्हणाले, "पण मग माझं काय काम?" मला त्यांची फार दया आली.

ऑपरेशन सुरळीत पार पडलं. घरी सोडताना सर्जन म्हणाले, "झडप कृत्रिम आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी आता कायमची. कापणं-चिरणं जरा जपूनच."

बाबांचा चेहरा असा खुलला की मला लाजच वाटली. आईने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले.

"घ्या. इथे आल्यापासून कुणी कापली नाहीत."