केसरची संध्याकाळ

हजला निघताना नाझिशभाभींनी शेजारच्या मृणालीच्या स्वाधीन दोन गोष्टी केल्या. एक घराची किल्ली, दुसरी केसर. केसर म्हणजे त्यांच्या मुलीने, अदीबाने पाळलेला कॉर्न स्नेक. नारिंगी, बिनविषारी साप. अदीबा आजीकडे रत्नागिरीला निघाली होती आणि सापाला काही विमानात घेत नाहीत.

"घाबरू नको गं," भाभी म्हणाल्या. "दिवसभर झोपूनच असते. सूर्य मावळून मगरिबची बांग झाली की बाहेर येईल, पहाटे फजरच्या सुमाराला आणखी एक फेरी. तुझ्यासारखीच आहे बघ, नेमाची!"

मृणालीला ते आवडून गेलं. अधिक महिना होता आणि तिने अखंड दिव्याचा नेम धरला होता. आखातातल्या जुफैरच्या त्या इमारतीत रात्रभर तेलाचा दिवा ठेवू देत नाहीत, म्हणून हॉलमधल्या देवघरात विजेचा, चांगला लखलखीत. केसरची काचेची पेटी तिने मुद्दाम त्याच्याच खाली मांडली. परक्या घरात जिवाला देवाची सोबत असावी.

पहिल्या संध्याकाळी केसर जरा डोकावली. मग पेटीतल्या लाकडी खोपीत जी शिरली, ती बाहेर येईच ना. मृणालीच्या नवऱ्याने, सुयोगने, भाभींच्या फ्रीझरमधून आणून, वितळवून ठेवलेला उंदीर तसाच पडून राहिला.

रोज संध्याकाळी अदीबाचा व्हिडिओ कॉल. "आंटी, शो मी केसर ना!"

"झोपलीय गं बाळा."

जप करताना मृणालीला ते उत्तर बोचायचं. दुसऱ्याचा जीव आपल्या घरात उपाशी, आणि तिकडे हजला गेलेल्या बाईला कोणत्या तोंडाने कळवायचं?

"तुझ्याबरोबर तिनेही उपास धरला असेल," सुयोग म्हणाला.

"अहो, चेष्टा नको."

शुक्रवारी त्याला सुट्टी होती. ऊन येऊ नये म्हणून हॉलचे जाड पडदे ओढलेले, तो सोफ्यावरच लवंडला. उठला तो गोंधळून. "सकाळ आहे की संध्याकाळ? तुझ्या या हॉलमध्ये काही कळतच नाही बुवा."

मृणालीची माळ थांबली. तिने पडद्यांकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, मग खाली पेटीकडे. मावळतच नाही तिथे बिचारीने बाहेर तरी कधी यायचं?

दिवा विझवणं शक्य नव्हतं. खिडकीला पडदा नाही अशी एकच जागा घरात होती, स्वयंपाकघर. पण या महिन्यात तिथे कांदासुद्धा आत येत नव्हता. तिथेच नैवेद्य शिजायचा. मृणाली देवापुढे जरा वेळ हात जोडून उभी राहिली.

"अहो, पेटी उचलायला या. ओट्यापाशी ठेवू."

"स्वयंपाकघरात? आणि तुझं सोवळं?"

"ते मी देवाशी बोललेय. तुम्ही नीट धरा."

दोन दिवस काहीच झालं नाही. मृणालीने स्वयंपाक दिवसाउजेडीच उरकायला घेतला, म्हणजे दिवेलागणीला तिथला दिवा लावावा लागू नये. तिसऱ्या दिवशी खिडकीतलं आभाळ तांबूस झालं, मशिदीतून बांग आली, आणि खोपीतून आधी जीभ लवलवली, मग ते नारिंगी डोकं. केसर काचेच्या कडेकडेने सावकाश फिरू लागली, जणू घर नव्याने पाहत होती.

फोन वाजला. मृणालीने तो पेटीकडे धरला.

"शी इज आउट! आंटी, शी इज आउट!"

"हळू गं, बिचकेल ती," मृणाली कुजबुजली. मग मागे वळून म्हणाली, "अहो, शेजारच्या फ्रीझरमधलं ते घेऊन या. आणि हे बघा, तिला भरवायला माझा स्वयंपाकाचा चिमटा घ्याल तर याद राखा!"