तीन फुटी पाईप

दगडाचं युग गेलं, तांब्याचं गेलं, लोखंडाचंही संपत आलं. माणूस आता प्लॅस्टिकच्या युगात शिरला आहे आणि तो मागे वळून पाहणार नाही, असं जालिंदर मास्तरांनी नव्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून आम्हाला सांगितलं. ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरातली. जानेवारीत मास्तर गाडी थांबवून मागे वळून पाहत होते, कारण सुप्यापासून नगरपर्यंत डांबरावर ऑईलच्या थेंबांची रेघ उमटली होती. रेघ इतकी सरळ होती, की तीस वर्षांच्या नोकरीत मास्तरांना फळ्यावर तशी एकदाही जमली नव्हती.

गाडी नवी म्हणजे मास्तरांना नवी. पुण्याच्या एका साहेबांनी ती तीन वर्षं वापरली होती. परदेशी घडणीची, आतून मऊ, आणि दार लावलं की कानात दडे बसावेत इतकी शांत. मास्तर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांना स्वतःला गाडीची काहीच गरज नव्हती. गरज होती त्यांच्या पत्नीला, भागिरथीबाईंना. त्यांची थोरली बहीण आक्काबाई शेवगावला मुलाकडे, तुषारकडे असते. दिवाळीत तिचं उजवं अंग गेलं. भागिरथीबाईंच्या मणक्यात गॅप, डॉक्टरांनी एसटी बंद केलेली. दोन बहिणी आणि मधे शंभर किलोमीटरचे खड्डे. म्हणून गाडी. दर रविवारी भागिरथीबाई जायच्या, बहिणीची वेणी घालायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. एवढ्यासाठीच ती परदेशी कंपनी इतकी वर्षं खपली होती, असं समजायला हरकत नाही.

मी त्यांचा शेजारी. मागच्या सीटवर बसून जेवणाचा डबा सरळ धरणे हे माझं काम. त्यामुळे पुढे घडलेल्या सगळ्याला मी साक्षीदार आहे.

गळती कुठून ते सूर्यभाननं पाच मिनिटांत शोधलं. सूर्यभानचं गॅरेज सुप्याच्या फाट्यावर. तो मास्तरांचाच विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला, त्यामुळे मास्तरांना त्याचा सहवास जास्त लाभला होता. गाडीखालून डोकं काढून तो म्हणाला, "गुरुजी, ऑईल फिल्टर ज्या डब्यात बसतो ना, त्यो डबाच पिलॅस्टिकचा हाय. गरम हून हून कडक झालाय. चीर गेलीय."

"बदल मग."

डबा मुंबईहून मागवावा लागला. आठ दिवसांनी आला. सूर्यभाननं तो इंजिनाच्या पोटाला खालून आट्यांवर फिरवून बसवला, पाना लावला, आणि मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला पाईप काढला.

त्या पाईपाबद्दल सांगायला हवं. पाण्याच्या नळाचा, तीन फुटी, दोन्ही टोकांना हातानं घासून चकचकीत झालेला. पान्याच्या दांड्यावर तो चढवायचा आणि लोंबकळायचं. उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टर, बोअरचे पंप, सगळं सूर्यभान त्या पाईपानं आवळायचा. फाट्यावर असं बोललं जायचं की त्यानं आवळलेला नट उघडायला पुन्हा त्यालाच बोलवावं लागतं. मला तेव्हा ही धंद्याची हुशारी वाटली होती.

पाईप चढवला, सूर्यभान लोंबकळला, आणि टक् असा आवाज आला. नव्या डब्याला नवी चीर.

"माल हलका आला," सूर्यभान म्हणाला.

दुसरा मागवला. तोही हलका आला.

दरम्यान तीन रविवार गेले. भागिरथीबाई तक्रार करणाऱ्यातल्या नव्हत्या. रविवारी सकाळी त्या फणी आणि तेलाची बाटली पिशवीत भरायच्या आणि दुपारी पुन्हा बाहेर काढून ठेवायच्या, एवढंच. मास्तर ते बघायचे आणि वर्तमानपत्राचं पान उलटायचे, वाचून झालेलं नसलं तरी.

पुण्याहून मुलाचा, प्रशांतचा फोन आला. "अण्णा, पांढरा हत्ती पोसू नका. या रविवारी नीट जाऊन आली तर ठेवा. वाटेत बंद पडली तर सोमवारी मी गिऱ्हाईक पाठवतो."

"आणि तुझ्या आईचं काय?"

"आईला मी येऊन घेऊन जाईन की. वेळ मिळाला की."

वेळ मिळाला की म्हणजे कधी, ते मास्तरांना माहीत होतं. त्यांनी फोन ठेवला आणि तडक गॅरेज गाठलं.

"सूर्यभान, प्लॅस्टिक नको. धातूचा कर."

सूर्यभानचा चेहरा उजळला. इतके दिवस त्याला एका बरणीपुढे हरल्यासारखं झालं होतं. एमआयडीसीत गोरक्षनाथ म्हणून त्याचा दोस्त लेथवर होता. जुन्या पंपाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा घेऊन दोघं बसले. गोरक्षनाथनं पाळी सुटल्यावर तीन दिवस खपून तो आतून पोखरला, आटे पाडले, रबरी रिंग बसायला खाच काढली. डबा हातात घेतला तर देवळातल्या घंटेएवढा जड. शनिवारी सकाळी सूर्यभाननं तो चढवला, पाईप लावला, लोंबकळला. टक् नाही, काही नाही.

"गुरुजी, आता ह्याच्यावरनं रणगाडा गेला तरी फुटायचं न्हाई."

"लोखंडाचं युग संपलेलं नाही," मास्तरांनी आपलं मत जाहीररीत्या बदललं. ते ॲल्युमिनियमला लोखंड म्हणत होते, याकडे आम्ही दुर्लक्ष केलं.

पारनेर रस्त्यानं एक चक्कर मारून आलो. गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं आणि चहा प्यायला बसलो. चहा संपला तेव्हा पेपरातल्या एका पुढाऱ्याच्या तोंडावर चार काळे थेंब होते.

सूर्यभान त्या थेंबांकडे बघत उकिडवा बसला. मास्तर म्हणाले, "सूर्या, एवढं कशाला आवळतोस रे तू?"

त्यानं सांगितलं. "गुरुजी, शाण्णव सालची गोष्ट. उसाच्या ट्रॉलीचं चाक बसवत हुतो. नट हातानं लावले, म्हणलं चहा घिऊन येतो अन् मग आवळतो. डायवर घाईत, तसाच घिऊन गेला. उतारावर चाक निघालं. ट्रॉली उलटली. मानसं वाचली, पर एक बाई ढिगाखाली घावली, पाय गेला तिचा. तिनं मला शिव्या पन दिल्या न्हाईत. तवापासनं हा पाईप."

मी पाईपाकडे बघितलं. इतके दिवस मी ज्याला धंद्याची हुशारी समजत होतो, ती भीती होती, आणि ती दोन्ही टोकांना घासून चकचकीत झाली होती.

तेवढ्यात भागिरथीबाई आल्या. उद्या जायचं का नाही, एवढंच विचारायला त्या कंबरेला पट्टा बांधून हळूहळू चालत फाट्यापर्यंत आल्या होत्या. त्यांनी पेपर बघितला, डबा बघितला, पाईप बघितला.

"सूर्यभान, घरी कुकर हाय का तुझ्या?"

"हाय की, काकू."

"झाकण कोण लावतं?"

"बायको, चांगुणा लावती."

"पाईप लावून?"

सूर्यभान हसला. "काय काकू, चेष्टा करता गरिबाची."

"मग एवढी वाफ कोंडती, ती कशानं अडती? चांगुणाच्या जोरानं?"

"न्हाई. रिंगनं," सूर्यभान म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला.

त्यानं डबा उघडायला घेतला. स्वतःच आवळलेला, त्यामुळे त्यालाच पाऊण तास लागला. आतली रबरी रिंग चेपून पापडी झाली होती आणि एका जागी कापली गेली होती. ती तळहातावर घेऊन तो बराच वेळ बघत राहिला. मुंबईहून आलेले दोन डबे हलके नव्हते, हे त्याच्या लक्षात येत होतं, आणि आमच्या लक्षात आलंय हेही.

नवी रिंग घेतली. तिला ऑईलचं बोट लावलं. डबा हातानं फिरवला, तो टेकला. मग पान्यानं थोडासा, पोळी उलटताना मनगट वळावं तेवढा. आणि सूर्यभान थांबला. त्याचा हात आपोआप भिंतीकडे गेला.

"काकू, पर ढिला ऱ्हायला तर?"

"राहिला तर मी हायेच की गाडीत. पुढच्या सीटवर."

सूर्यभाननं हात मागे घेतला. एवढा घामेजलेला तो लोंबकळतानाही दिसला नव्हता. मग त्यानं ब्रशनं पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, अर्धी डब्यावर, अर्धी इंजिनावर. डबा केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी म्हणून.

रविवारी तोही आमच्याबरोबर निघाला. पाईप त्यानं डिकीत टाकला होता, आणि आम्ही तो पाहिला नाही असं ठरवलं. दर वीस किलोमीटरला गाडी थांबायची, सूर्यभान आणि मी रस्त्यावर आडवे होऊन रेघ बघायचो. येणारेजाणारे अपघात समजून थांबायचे. रेघ नगरला जुळलेली होती, पुढे प्रत्येक थांब्याला जुळलेली होती, शेवगावात शिरलो तेव्हाही जुळलेलीच होती. मागे रस्ता कोरडा.

आक्काबाई ओट्यावरच्या खाटेवर बसून होत्या. केस चार आठवड्यांचे, मोकळे. भागिरथीबाईंनी आल्या आल्या पिशवीतून फणी काढली आणि मागे बसल्या.

मास्तरांना मात्र बोलायचं होतं. त्यांनी डब्याची कथा पहिल्यापासून सांगितली: प्लॅस्टिकचं युग, गोरक्षनाथचं कसब, रिंग, पांढरी रेघ. शेवटी, माणसानं कुठे थांबावं हे कळणं हीच खरी संस्कृती, या मुद्द्यावर ते आले. आता गाडी विकायची नाही, दर रविवारी यायचं, हेही त्यांनी त्यातच सांगून टाकलं. सूर्यभान मान खाली घालून ऐकत होता.

आक्काबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची जीभ अजून जड होती. डाव्या हातानं त्यांनी खाटेखालून लोणच्याची बरणी ओढली आणि सूर्यभानपुढे सरकवली.

"मिस्तरी हायेस ना बाबा? मग येवढं झाकण उघडून दे. सांडू नये म्हनून तुषारनं आवळून ठिवलंय, आठ दिस झाले. एका हातानं निघंना." आणि त्यानं बरणी हातात घेतल्यावर म्हणाल्या, "अन् परत लावताना जरा ढिलंच लाव."