घरी बसायचा पगार

"तू इथं काय करतोयस?" विबेकेनं दारातूनच विचारलं.

प्रेबेन बॉयलरच्या झडपेशी झटत होता. मागं न बघताच तो म्हणाला, "काही नाही. भेटायला आलोय."

"कुणाला?"

"ह्याला." त्यानं बॉयलरवर थाप मारली.

विबेके थोरूपची लाँड्री बंदराला लागून होती. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं तिथं धुतली जात. साथ आली, हॉटेलं बंद पडली आणि सरकारनं योजना काढली. कामगार काढू नका, घरी बसवा. पगाराचा मोठा वाटा आम्ही देऊ. पण घरी म्हणजे घरी. एकानं जरी कामाला हात लावला, तर सगळ्यांचीच मदत बंद. विबेकेकडे पाच बायका होत्या आणि प्रेबेन.

बंदरावरच्या खाणावळीत व्यापाऱ्यांची सभा झाली, तेव्हा मंत्रालयातून आलेल्या अधिकाऱ्याला ती म्हणाली होती, "माणसं घरी बसतील. यंत्रं कुठं बसवू? अधूनमधून पेटवला नाही तर बॉयलर आतून गंजतो. एका माणसाला अर्धा दिवस येऊ द्या. तेवढा पगार मी देते."

"उद्या प्रत्येक मालक अर्धा दिवस मागेल. आम्ही तपासायचं कसं?"

"म्हणजे तुमचा आमच्यावर विश्वास नाही."

"विश्वास आहे म्हणून तर पैसे देतोय."

"विश्वास आहे," मागून एक होडीवाला म्हणाला, "नुसतं दावं बांधलंय गळ्यात."

लोक हसले. अधिकारीही हसला. नियम होता तिथंच राहिला.

विबेकेनं स्वतः बॉयलर पेटवून पाहिला, तर दोनदा विझला. आणि आता हा प्रेबेन न बोलावता आला होता. त्याची बायको जाऊन वर्ष झालं होतं. "घरी भिंतींशी किती बोलू?" तो म्हणाला. त्याला तिथल्या तिथं हाकलायला हवं होतं. विबेकेनं कॉफी ठेवली.

मग तो दर गुरुवारी येऊ लागला.

धुराड्यातून धूर दिसला म्हणून कुणीतरी कळवलं. तपासणीला आलेली बाई थेट बॉयलरपाशी पोचली. प्रेबेनच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या आणि हात काजळीनं भरलेले.

"हा तुमचा कामगार?" तिनं विबेकेला विचारलं.

विबेकेनं उत्तर जुळवायच्या आत प्रेबेनच बोलला. "होतो. आज सकाळी नोकरी सोडली. सामान न्यायला आलोय."

"कुठंय सामान?"

त्यानं बाकाखालून आपले लाकडी तळाचे बूट काढले आणि काखेत धरले.

बाईनं त्याच्या हातांकडे पाहिलं. मग विबेकेला विचारलं, "खरंय का हे?"

पाचजणींपैकी बिर्थेला दोन लहान मुलं होती. आसेचा नवराही घरीच बसला होता. विबेके म्हणाली, "हो."

"मग आजपासून ह्याचं नाव कमी." निघताना बाई थबकली. "आणि पुढच्या वेळी धूर कोण काढणार?"

"मी," विबेके म्हणाली.

उन्हाळ्यात हॉटेलं उघडली. चादरींचे ढीग यायला लागले, तशी विबेके प्रेबेनच्या घरी गेली. तो परसात बटाट्याच्या वाफ्यात होता. हात धुऊन आत आला आणि त्यानं कॉफी केली.

"परत ये," ती म्हणाली.

"नको. पेन्शन लावून घेतलीय."

"ती बंद करता येते."

"मग ती बाई पुन्हा येईल. म्हणेल, तेव्हा दोघं खोटं बोललात." त्यानं कप तिच्यापुढं सरकवला. "पाचजणी आल्या कामावर?"

"आल्या."

"मग झालं."

विबेके त्याच्या हातांकडे बघत राहिली. सोड्यानं आणि वाफेनं लाल झालेले, भेगाळलेले ते हात तिनं इतकी वर्षं पाहिले होते, की ते तसेच असतात असं ती धरून चालली होती. आता भेगा भरून आल्या होत्या. कातडी मऊ, गोरी दिसत होती, दुसऱ्याच कुणाची असावी तशी.

"बरे झालेत," प्रेबेन म्हणाला, आणि त्यानं हात टेबलाखाली घेतले.