इथे पायरी संपली

आईने शेवटची टीप खोडली आणि खुर्चीत मागे रेलून पडद्याकडे पाहिलं. आता कसं छान दिसत होतं! प्रत्येक कंस आपापल्या जागी, ओळी सरळ, मध्ये एकही फालतू शब्द नाही. लेकीचा प्रोग्राम इस्त्री करून ठेवल्यासारखा झाला होता.

सगळी नोकरी कॉलेजात मुलांना जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवण्यात गेलेली. कुणाच्याही प्रोग्राममध्ये पसारा दिसला की तिचे हात शिवशिवायचे, मग तो पोटच्या पोरीचा का असेना. आणि इथे पसारा काय कमी होता? पोरीने जवळजवळ प्रत्येक महिरपी कंसापुढे दोन तिरक्या रेघा मारून काहीबाही लिहून ठेवलेलं. तिरक्या रेघांपुढचं यंत्र वाचत नाही. ते माणसांसाठी असतं, आणि तेही कामाचं असेल तरच ठेवायचं, हे ती वर्षानुवर्षं वर्गात ओरडून सांगत आली होती. पायरी काय, वळण काय! तिने धड वाचलंही नाही. एक एक करत पुसून टाकलं.

उद्या अंध मुलांच्या संगणक केंद्राचे प्रमुख घरी यायचे होते. नव्या तुकडीला जावा शिकवावी, हा हट्ट तिच्या लेकीचा. जन्मापासून अंध असलेली ही मुलगी लहानपणी इतकी बोलायची की घरात तिचं नाव टिटवी पडलं ते पडलंच. आता कॉलेज संपलं तरी तिचं तोंड काही मिटलेलं नव्हतं. प्रमुखांच्या मागे लागून लागून तिने त्यांना निम्मं वळवलं होतं. उरलेलं निम्मं उद्यावर होतं. टिटवीने स्वतःचा प्रोग्राम त्यांच्यासमोर उघडायचा आणि ते सांगतील ती दुरुस्ती करून दाखवायची. जमलं तर तुकडी सुरू, नाही तर मुलांना नेहमीचं टायपिंग आहेच. नवशिक्यांना प्रोग्राम लिहायला कुठलं सॉफ्टवेअर बसवायचं, तेवढं मात्र त्यांनी आईवर सोपवलं होतं.

आईच्या डोक्यात मोठं सॉफ्टवेअर पक्कं होतं. कंपन्यांमध्ये तेच चालतं, मग मुलांनी दुसरं कशाला शिकायचं? टिटवीने त्याचं नाव आगाऊ काकू ठेवलं होतं. शब्द अर्धा लिहून होतो न होतो तोच काकू मध्ये तोंड घालून दहा सूचना करायच्या. खरी चूक झाली की मात्र लाल रेघ ओढून गप्प बसायच्या, आणि ती रेघ टिटवीला कुठून कळणार? तिचा जीव साध्या नोटपॅडवर. ते अबोल मामा. मामा मध्येमध्ये करायचे नाहीत. लिहून झालं की वेगळ्या खिडकीत जावाला विचारायचं, आणि कुठल्या ओळीत काय चुकलंय ते शब्दांत ऐकायचं.

"झाली का गं तुझी तपासणी?" टिटवी केस पुसत आली. "सर मला मागची रांग कायम राखीव ठेव म्हणाले तर? एकदा करून बघते."

प्रोग्राम बाबांच्या बसचा होता. बाबा कंडक्टर. कुठल्या रांगेतली कुठली सीट रिकामी, ते हा प्रोग्राम सांगायचा.

टिटवीने हेडफोन न लावता आवाज मोकळा सोडला. पडदा वाचून दाखवणारा तो आवाज इतका भरधाव पळायचा की आईला त्यातलं ओ की ठो कळत नसे. मुलीची बोटं कळांवर नुसती वाहत होती. मग थांबली. वर गेली, खाली आली, पुन्हा थांबली. टिटवीने आवाज हळू केला.

"कंस बंद. कंस बंद. कंस बंद. कंस बंद," यंत्र म्हणालं.

कुठला कंस कशाचा ते कळेना, म्हणून तिने अंदाजाने एका जागी नवी ओळ घातली आणि चालवून पाहिली. चूक. ती ओळ काढून दुसऱ्या कंसाखाली घातली. आता चुकांची माळच लागली. टिटवीच्या कपाळावर घाम आला.

"आई, माझ्या फाइलमधलं काही काढलंस का?"

"अगं, जरा आवरलं. उद्या सर बघणार, नीटनेटकं दिसावं म्हणून."

"माझ्या खुणा?"

"त्या कशाला हव्यात? यंत्र कुठं वाचतं ते?"

"मी वाचते ना!"

 टिटवीने कळफलक अलगद पुढे सरकवला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"सरांना फोन करून सांग, येऊ नका म्हणून. मला नाही जमायचं."

ती उठली, नेमक्या पावलांनी गॅलरीत गेली आणि तिने दार ओढून घेतलं. 

बाबा आले तेव्हा आई तशीच बसलेली. त्यांनी खांद्यावरची तिकिटांची बॅग उतरवली.

"घरात एवढी शांतता? टिटवी गावाला गेली की काय?"

आईने सगळं सांगितलं. बाबांना आधी हसू आलं, मग ते हसायचे थांबले.

"म्हणजे तू सगळ्या थांब्यांच्या पाट्याच काढून टाकल्यास की. रस्ता झाला स्वच्छ, पण माणसाने उतरायचं कुठं?"

"आता काय करू मी?"

"जुनी प्रत असेल ना? सगळ्या जगाला तूच बजावत असतेस, जुनी प्रत ठेवा म्हणून."

टिटवीच्या पर्समध्ये पेनड्राइव्ह होता, आणि त्यात कालची प्रत. आईचा जीव भांड्यात पडला. ती फाइल मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायला गेली, आणि का कोण जाणे, थांबली. तिने नोटपॅड उघडलं. आवाज अगदी रांगत्या पोराइतका सावकाश केला. मग हात लांबवून पडदाच बंद केला.

समोर काळी चौकट. आता ही फाइल केवढी आहे, कुठून सुरू होते, काहीच कळेना. इतकी वर्षं शिकवलेली जावा, आणि आपण कुठल्या ओळीत आहोत तेही तिला सांगता येईना. तिने खाली जायची कळ दाबली. बसचं नाव आलं. रांगा आल्या. एक कंस उघडला आणि त्यामागून आवाज आला,

"पायरी आहे, पाय उचल."

आईचं बोट कळेवरच राहिलं.

पुढची ओळ. पुढची. "वळण आलं, हात सोडू नकोस." सीट तपासून झाली. कंस बंद. "वळण संपलं." कंस बंद. "इथे पायरी संपली." कंस बंद. "फाटक आलं." आणि अगदी शेवटी, सगळ्यात बाहेरचा कंस मिटला तेव्हा,

"आलं बघ घर."

हे तर तिचंच बोलणं होतं! शाळेतून परत येताना, एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात टिटवीचा हात, रोज याच क्रमाने ती बोलायची. कधी घाईत, कधी वैतागून, कधी तर लक्ष भलतीकडेच. पोरीला घरी आणायचं, एवढंच तिच्या मनात असायचं. ते बोलणं ती स्वतः कधीच विसरून गेली होती. आणि या मुलीने त्यातला शब्द न् शब्द जपून ठेवला होता. तेवढ्यावर तिने न दिसणाऱ्या जागेत एक अख्खं घर उभं केलं होतं, आत पायऱ्या, वळणं, दारं, आणि ती त्यात धावत होती. धावत! तो भरधाव आवाज म्हणजे तिचं धावणं होतं.

 केवढं हे! कुणी शिकवलं हिला? कुणीच नाही. ती पुन्हा वर गेली आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकत खाली आली. डोळ्यांना धार लागली होती, पण तिने पडदा चालू केला नाही.

फोन वाजला. केंद्राचे प्रमुख.

"मॅडम, उद्याचं नक्की ना? आणि सॉफ्टवेअर कुठलं ठरलं?"

"या तुम्ही, सर. सुरुवात साध्या नोटपॅडने करू. मोठं नंतर, ज्याला हवंसं वाटेल त्याला."

"तुम्ही स्वतः वापरून पाहिलंत?"

"आत्ताच शिकायला बसलेय," आई म्हणाली.

मग तिने गॅलरीचं दार उघडलं. टिटवी कठड्याला टेकून उभी होती.

"आता काय आवरायचं राहिलंय?" टिटवी म्हणाली.

"काही नाही. कालची प्रत मिळाली. चुकलं माझं, बाई. पण आत ये ना जरा. मी मधल्याच कुठल्यातरी ओळीत अडकलेय, आणि पडदा बंद आहे."

"बंद? का?"

"मला तुझ्यासारखं जाऊन बघायचंय."

  टिटवी आत आली, आईशेजारी खुर्ची ओढून बसली.

"म्हणजे तू ऐकलंस ते."

"ऐकलं."

"हसू नकोस हं. मला दुसरं काही सुचलंच नव्हतं."

"नाही हसत."

टिटवीने चाचपून आईचा हात शोधला आणि तिचं बोट कळेवर नेऊन ठेवलं. आपला हात तिने काढून घेतला नाही.

"घाई करू नकोस. मी आहे बरोबर. वरून सुरू करू या. ही बस, या रांगा." ती थांबली, आईचं बोट थांबेपर्यंत. "आता पायरी आहे."

टेबलाखाली आईचा पाय आपोआप उचलला गेला.