पाटीवरचे मालक

ब्रशच्या कारखान्यात सूनबाईचा एकच हट्ट होता: केस गळणारा ब्रश बाहेर जाऊ द्यायचा नाही. सासऱ्यांचाही एकच होता: गाडी वेळेवर निघाली पाहिजे. गिऱ्हाइकाच्या ताज्या रंगवलेल्या भिंतीला केस चिकटले, की सासरे सगळ्यांसमोर सुनेलाच फैलावर घेत. तपासणी तिच्याकडे, पण माल अडवायचा अधिकार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मग एका बड्या रंगकंपनीने अट घातली: दर्जाचं प्रमाणपत्र आणा, तरच माल घेऊ. सुनेने जाडजूड नियमावली वाचून काढली आणि भिंतीवर पाटी लावली. प्रत्येक कामापुढे त्या कामाचा मालक. बांधणीला फोरमन, पॅकिंगला आत्याबाई, तपासणीला ती स्वतः.

पाटी वाचून सासऱ्यांचं टक्कलसुद्धा लाल झालं.

"मी काय मेलोय? एका कारखान्यात तीन-तीन मालक?"

"बाबा, मालक म्हणजे ज्याने त्या कामाचा जाब द्यायचा तो."

"जाब मी देईन! सगळीकडे माझं नाव घाल."

नवऱ्याने घसा खाकरला. आता हा बोलणार, असं तिला वाटलं, तर तो पाणी प्यायला निघून गेला. सुनेला रडू फुटायचंच बाकी होतं. तिने मुकाट्याने नावं बदलली.

प्रमाणपत्र देणाऱ्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी एक ब्रश उचलून ओढला, तर मूठभर केस हातात आले.

"तपासणीचे मालक कोण?"

"मीच," सासरे छाती फुगवून म्हणाले.

"मग हे तुमच्या नजरेतून सुटलं?"

उभ्या जन्मात आपल्या हातून काही चुकलेलं नाही, असा सासऱ्यांचा पक्का समज होता. सवयीने बोट सुनेकडे वळलं. "छे! ते ही बघते. हिचीच चूक!"

"म्हणजे मालक या?"

चूक घ्यावी तर अब्रू जाते, ढकलावी तर मालकी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी सासरे पुटपुटले, "हो, हीच."

बाईंनी उभ्या उभ्या पाटीवरचं नाव बदलायला लावलं आणि पुन्हा येते म्हणून त्या गेल्या.

सूनबाई तडक फाटकाशी गेली. गाडीत चढलेली खोकी तिने खाली उतरवायला लावली. सासरे धापा टाकत आले.

"कोणाला विचारून?"

"मालकिणीला," ती म्हणाली, आणि पुढच्या खोक्याकडे बोट केलं.