आरोग्यरत्न तेल

औषधांच्या दुकानात तीस वर्षं उभं राहून केमिस्टबाईंच्या जिभेला धार आली होती. कुणी "त्या गुलाबी गोळ्या द्या" म्हणालं, की त्या चष्म्यावरून बघत आणि विचारत, गुलाबी चाळीस प्रकारच्या आहेत, सगळ्या बांधू का? तरी माणसं त्यांच्याकडेच येत, कारण नको ते औषध त्या कुणाच्या गळ्यात मारत नसत.

एका सकाळी निवृत्त पोस्टमन गुडघ्यांवर लाल चट्टे घेऊन आले आणि त्यांनी काउंटरवर तेलाची बाटली ठेवली. बाटलीवर बाईंचाच फोटो होता. खाली त्यांच्या परवान्याचा नंबर. पोस्टमननी फोनवरची जाहिरात दाखवली, तर तिच्यात बाई चक्क हसत होत्या आणि सात दिवसांत गुडघे विशीतले करून देण्याची हमी देत होत्या. आवाजही त्यांचाच.

पोस्टमन ओशाळून म्हणाले, "जाहिरातीत तुम्ही 'बाबा' म्हणालात, तिथेच कळायला हवं होतं. एवढं गोड तुम्ही बोलत नाही."

बाईंनी त्यांना तेल बंद करायला लावलं, मलम दिलं आणि ती जाहिरात पुन्हा पाहिली. एका कोपऱ्यात त्यांचं पदवीचं प्रमाणपत्र झळकत होतं. ते तर घरच्या कपाटात असायचं. दोन महिन्यांपूर्वी एकाच माणसाने ते बघायला मागितलं होतं: धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने.

या गृहस्थांना घरात सगळे सर्वज्ञ म्हणत, आणि त्यांना तो मान वाटे. वाचनालयात त्यांनी ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान दिलं होतं. फसणारा माणूस मुळात हावरट असतो, असं त्यांनी तासभर सांगितलं होतं.

बाई संध्याकाळी बहिणीकडे गेल्या. सर्वज्ञांनी आधी कानावर हात ठेवले. मग बहिणीनेच आतून एक चकचकीत फ्रेम आणून टेबलावर ठेवली. 'आरोग्य मार्गदर्शक पुरस्कार', खाली सर्वज्ञांचं नाव. कुठल्याशा संस्थेने त्यांना कळवलं होतं, की घरातल्या एका आरोग्यसेवकाचं नाव 'आरोग्यरत्न' म्हणून सुचवा, तुम्हालाही पुरस्कार मिळेल. एवढ्यावर स्वारी पाघळली. मेहुणीची पदवी, परवाना, ओळखपत्र, सही, दुकानातले फोटो, सगळं धाडून दिलं. समारंभात परिचय करून द्यायचाय म्हणून तिचे फोनवरचे आवाजी निरोपसुद्धा. समारंभ काही झालाच नाही. पुरस्कार ईमेलवर आला आणि फ्रेम यांनी स्वतःच करून घेतली.

"तुम्हाला चकित करायचं होतं, ताई," सर्वज्ञ म्हणाले. मग आवाज उतरवून, "तक्रारीत माझं नाव नको. माझा फोन हॅक झाला, असं लिहा. लोकांत माझी काय किंमत राहील?"

"हॅक कसलं, भाऊजी? चोराला घर फोडावंच लागलं नाही. तुम्ही सगळं त्याच्या हातात नेऊन दिलंत. उद्या दहाला पोलिसांत यायचं. कागद कुणाला पाठवले, ते तुम्हीच सांगायचं."

सायबर शाखेतल्या अधिकारीबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि फोटो-आवाजावरून कॉम्प्युटरवर असा खोटा व्हिडिओ बनवता येतो, हे समजावलं. जाहिरात काढून टाकायला कुठे कळवायचं, परवाना देणाऱ्या कार्यालयाला पत्र कसं द्यायचं, आपल्या नावावर कुणी फोन नंबर किंवा बँकेत खातं काढलंय का ते कसं तपासायचं, हे सांगितलं. यापुढे कागदाची प्रत द्यावीच लागली, तर कुणाला आणि कशासाठी दिली ते तारखेसकट प्रतीवर आडवं लिहायचं, हेही. इतक्यात सर्वज्ञ पासवर्ड कसा असावा यावर बोलू लागले. अधिकारीबाईंनी शांतपणे विचारलं, "त्या संस्थेचा पत्ता तुम्ही तपासला होता का?" सर्वज्ञांनी खाली बघून सही केली.

बाईंनी दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत सूचना लावली. तेल घेतलेली आणखी चार माणसं सापडली, प्रत्येकाला त्यांनी समोर बसवून समजावलं आणि प्रत्येकाला थोडं झापलंही. नवव्या दिवशी जाहिरात गेली. दहाव्या दिवशी तेच तेल दुसऱ्या नावाने परत आलं. या खेपेला बाटलीवर एक दातांचे डॉक्टर होते.

बाईंनी त्या डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर शोधून फोन लावला. डॉक्टरांचा विश्वासच बसेना. आपण किती सावध असतो, हे त्यांनी पाच मिनिटं ऐकवलं. बाईंनी त्यांना जाहिरात बघायला लावली. पलीकडून जाहिरातीचा आवाज दोनदा ऐकू आला.

"तुमचे कागद कुणी पाठवले?" बाईंनी विचारलं. "मेहुणे आहेत का घरात?"

"नाही हो," डॉक्टर हळूच म्हणाले. "माझे मीच पाठवले. आरोग्यरत्न म्हणाले होते."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "कागद-पेन घ्या. सांगते तसं लिहा, आणि मध्ये बोलू नका."