पाण्यावरचे काळे चौकोन

लिफ्टवाल्याचा कॉम्प्युटर लिनक्स या सगळ्यांना खुल्या असलेल्या प्रणालीवर चालायचा, आणि ही गोष्ट तो ओळख झाल्या झाल्या सांगून टाकायचा, समोरच्याने विचारलेलं असो वा नसो. जे यंत्र आपल्याला उघडून बघता येत नाही ते आपलं नाही, असं त्याचं म्हणणं. दिवसभर उंच इमारतींच्या गच्चीवरच्या खोलीत बसून तो लिफ्टची पॅनेलं उघडत असे, त्यामुळे त्याला हे म्हणणं शोभायचंही. फक्त त्याची किंमत दर रविवारी दुपारी त्याच्या बहिणीला मोजावी लागायची.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. बसने तीन तासांवरच्या शहरात राहायची आणि दातांच्या लॅबमध्ये काम करायची. लोकांच्या कवळ्या मेणात घडवायच्या, शेजारच्या दाताशी रंग जुळवायचा, असलं निगुतीचं काम. भावोजी जहाजावर इंजिनिअर, वर्षातले बरेचसे महिने समुद्रात. मूलबाळ नव्हतं. आई-वडील गेल्यावर भावंडं एकमेकांना तेवढी उरली, आणि फोनवर तर "काय चाललंय?" "काही नाही, तुझं?" यापुढे गाडी सरकेना. म्हणून ताईनेच टूम काढली, की रविवारी जेवणं उरकली की लहानपणासारखं व्हिडिओ गेम खेळायचं. दोन शहरांत दोन पडदे, कानाला हेडफोन, आणि खेळता खेळता गप्पा. खरं सांगायचं तर ताईला खेळाचं काही पडलेलं नव्हतं. तिला बोलायला निमित्त हवं होतं. लोकांच्या इमारतींतली बिघडलेली यंत्रं आवाजावरून ओळखणाऱ्या या शहाण्याला एवढं काही कळलं नाही.

जुने गेम होते तोवर बरं चाललं. मग तो होडीचा गेम आला.

त्यात दोघांनी मिळून एक होडी नदीतून न्यायची. एकाने वल्ही मारायची, दुसऱ्याने सुकाणू धरायचं. वल्हवणारा पाठमोरा बसतो, त्याला पुढचे खडक दिसत नाहीत, म्हणून सुकाणूवाल्याने ओरडून सांगायचं: डावीकडे, उजवीकडे, थांब. ताईने तो पहिल्याच दिवशी विकत घेतला.

"तू वल्हव, मी ओरडते," ती म्हणाली. "आपलं लहानपणापासून तेच तर चाललंय."

ओरडणं तिला शोभायचं. शाळेच्या मैदानाच्या त्या टोकावरून ती "छोट्याऽ" अशी हाक मारायची तेव्हा बाकीची पोरंसुद्धा खेळ थांबवून उभी राहायची. असा खणखणीत आवाज.

तिच्याकडे गेम बटण दाबताच सुरू झाला. याच्याकडे घोडं अडलं. नवीन गेमला, पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा नवीन ड्रायव्हर हवा होता. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि लिनक्स यांच्यामध्ये बसणारा दुभाष्या. जुन्या दुभाष्याला या गेमची बोली समजेना. लिफ्टवाल्याने नवीन ड्रायव्हर टाकला, तर कॉम्प्युटर सुरू होऊन नुसताच काळा पडदा. तो काढून मधला कुठलासा टाकला, तर गेम म्हणे हा फार जुना आहे. तिकडे ताईच्या पडद्यावर तिची बाहुली होडीत जाऊन बसलेली असायची. दुसरा माणूस चढल्याशिवाय होडी सुटत नसे, म्हणून ती बाहुली धक्क्याशी पाय हलवत वाट बघत राही.

"बसलेय हं मी," ताई म्हणायची.

"एक मिनिट."

हे "एक मिनिट" त्याच्या धंद्यातलं होतं. लिफ्टमध्ये माणूस अडकला की आतून इंटरकॉमवर बोलत सुटतो. मला गुदमरतंय, माझी मीटिंग आहे, माझा मुलगा शाळेतून यायचा झालाय. लिफ्टवाला नवीन होता तेव्हा प्रत्येक शब्द ऐकायचा, आणि हातातलं काम चुकायचा. मग जुन्या मिस्त्रीने त्याला शिकवलं: शब्द ऐकू नकोस, नुसता हुंकार देत राहा. मऊ आवाजात म्हण, घाबरू नका, आलोच, एक मिनिट. त्यांना आवाज पाहिजे असतो. तुझं लक्ष पॅनेलवर ठेव. शिकवणूक चोख होती. तिच्यामुळे किती माणसं सुखरूप बाहेर आली. पण ती सवय त्याने कामाच्या कपड्यांबरोबर काढून ठेवली नाही, आणि इथेच सगळा घोटाळा झाला.

असे कितीतरी रविवार गेले. ताई होडीत बसून बोलायची, हा ड्रायव्हरशी झटायचा आणि मधून मधून हं हं करायचा. शेवटी अगदी ताजा ड्रायव्हर आला, गेम सुरू झाला, आणि नदी दिसली तर पाण्यावर काळे चौकोन नाचत होते. एवढे मोठे, की होडी कुठे आणि काठ कुठे ते कळेना. दुसरा कोणी असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. हा मात्र खूश झाला. नवीन बिघाड सापडला होता! ड्रायव्हर तयार करणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर त्याने रीतसर तक्रार लिहिली. तिथल्या माणसाने, तो कुठल्या देशातला कोण जाणे, पडद्याचं चित्रीकरण मागितलं. पुढच्या रविवारी याने चित्रीकरण लावलं, चौकोन झकास पकडले, आणि पाठवून दिलं. तो रविवार त्याला सगळ्यांत छान गेल्यासारखा वाटला होता.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी ताईचा फोन येऊन गेला. हा तेव्हा लिफ्टच्या बोगद्यात लोंबकळत होता, फोन वर पिशवीत. संध्याकाळी त्याने मेसेज टाकला: "ताई, खूशखबर! त्यांना चित्रीकरण मिळालं, कामाला लागलेत. लवकरच नदीत उतरू." ताईकडून नुसता अंगठा आला.

त्यानंतर ती रविवारी येईना. "आज जमणार नाही," एवढंच लिहायची. कधी "जरा काम आहे." फोन केला तर उचलायची नाही, वर लिहून पाठवायची, "नंतर बोलू." त्याने मनाशी ठरवून टाकलं, की ताईला धीरच नाही. एवढं मी राबतोय, आणि हिला दोन महिने दम निघेना. तो चक्क रुसला. या रुसव्याची त्याला पुढे जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही.

उत्तर आलं ते एका सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत. तो गच्चीवरच्या खोलीत डबा उघडून बसला होता. खाली मोटर घरघरत होती. ड्रायव्हरवाल्या माणसाने लिहिलं होतं, की दोष सापडला आहे, पुढच्या आवृत्तीत पाणी नीट दिसेल, चित्रीकरणाचा फार उपयोग झाला. याचा जीव भांड्यात पडला. खाली आणखी दोन ओळी होत्या.

"हे ड्रायव्हरबद्दल नाही, माफ करा. तुमची भाषा मला येत नाही, पण मध्यावर त्या बाईंचा आवाज बदलतो. त्या आता बऱ्या आहेत ना?"

कुठल्या बाई, असंच त्याच्या मनात आलं आधी. मग लक्षात आलं, की चित्रीकरणात आवाजही गेला असणार. त्याने तपासून पाहिलं होतं ते फक्त चित्र. त्याने इअरफोन कानात घातले आणि फीत मध्यापासून लावली. पडद्यावर काळे चौकोन नाचत होते.

"...त्या गाठीचं नव्हते का म्हणाले मी, गळ्यातल्या," ताई म्हणत होती.

"हं."

"ती काढायची म्हणतायत. या गुरुवारी."

"हं हं."

"साधंच ऑपरेशन आहे म्हणे. पण आवाजाची नस तिथूनच जाते. म्हणजे, सहसा काही होत नाही." इथे ती थांबली, आणि पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज त्या मैदानावरच्या ताईचा नव्हता. "भीती वाटतेय रे छोट्या. हे तिकडे समुद्रात. तू येतोस का? काही करायचं नाहीये. नुसता बाहेर बाकावर बस."

कीबोर्डची टकटक. मग त्याचा स्वतःचा आवाज, मऊ, सराईत, अडकलेल्या माणसासाठी ठेवलेला.

"येतो, येतो. घाबरू नकोस. एक मिनिट हं."

"नक्की?"

"हो हो. आलोच."

"हुश्श. बरं वाटलं बघ. मग शेजारच्या बाई येते म्हणाल्या होत्या, त्यांना नको म्हणून सांगते. कशाला उगाच त्यांना त्रास."

आणि लगेच तो ओरडला होता, आनंदाने: "आला! सापडला! ताई, कसला झकास आलाय बघ!"

डबा तसाच राहिला. खाली कोणीतरी बटण दाबलं, मोटर फिरली, थांबली. त्याने ताईला फोन लावला. तिने उचलला नाही. हातातली पिशवी तिथेच टाकून तो मुकादमाला सांगायला धावला, आणि मिळेल त्या बसमध्ये बसला.

ताईने दार उघडलं. गळ्याखाली आडवी गुलाबी रेघ होती, अजून ताजी. ती काहीतरी बोलली. नुसता वारा आल्यासारखं झालं, त्यातून शब्द निवडून घ्यावे लागत होते.

"जेवलास?" ती विचारत होती.

तो तिथेच उंबऱ्यात रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, कामाच्या मळक्या शर्टात. ताईने त्याला हाताला धरून आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग घोटघोट श्वास घेत सांगितलं, की गाठ साधीच निघाली, काळजीचं काही नाही. नस मात्र दुखावली. येईल म्हणतात आवाज हळूहळू. नाहीही येणार.

"ताई, मी ऐकलंच नव्हतं गं. तू बोलत होतीस, आणि मी..."

"माहितीये." ती थांबली. "तेव्हा नव्हतं माहीत. आत नेईपर्यंत दाराकडे बघत होते. म्हटलं, बस चुकली असेल."

"मग?"

"मग संध्याकाळी तुझी खूशखबर आली."

तिला चिडून बोलायचं असतं तरी आता चिडल्याचा आवाज निघत नव्हता, आणि त्याला ते जास्तच लागलं. त्याने फितीबद्दल सांगितलं. तिला वाटलं तर ती पानावरून काढून टाकायला सांगतो, म्हणाला. ताईने हात पुढे केला, फोन मागितला, आणि सगळं ऐकलं. त्याचं "आलोच" आलं तेव्हा त्याने मान खाली घातली. तिने तेवढं पुढे सरकवलं नाही, परतही लावलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "केवढा मोठा आवाज होता रे माझा. राहू दे ते. पुसू नकोस."

जेवणं झाली. मग ताईच उठली आणि कपाटातून दोन कंट्रोलर काढले. गेम तिच्या पडद्यावर दोघांना शेजारी बसूनही खेळता येत होता. पहिल्या दिवसापासून येत होता. त्याने त्या सगळ्या रविवारी सकाळची बस धरली असती, तर त्याला ड्रायव्हर लागलाच नसता. हे कळायला कुठलंही पॅनेल उघडावं लागत नव्हतं.

दोघं पडद्यासमोर मांडी घालून बसले. तो होडीत चढला, आणि इतके दिवस धक्क्याशी बांधलेली होडी सुटली. पाणी अगदी नितळ होतं, तळाचे गोटे दिसत होते. तो पाठमोरा बसून वल्हवायला लागला; त्याच्या अर्ध्या पडद्यावर नुसती मागची नदी होती, आणि ताईच्या अर्ध्याकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. ताई सांगत होती, तिचे ओठ हलताना त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होते, पण नदी अशी खळाळत होती की तिचं काही ऐकू येईना. होडी खडकावर आपटली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा आपटली.

त्याने पाण्याचा आवाज बंद केला. मग संगीत बंद केलं. मग उठून पंखा बंद केला, खिडकी लावली, आणि तिच्या अगदी जवळ सरकून बसला.

"आता सांग," तो म्हणाला.

होडी प्रवाहाला लागली. पुढे खडक दिसत असणार, कारण ताईने श्वास घेतला. पण ती डावीकडे म्हणाली नाही, उजवीकडेही म्हणाली नाही.

"तू यायला हवं होतंस रे," ती म्हणाली.

त्याने वल्ही सोडून दिली आणि तिच्याकडे वळून बसला. होडी आवाज न करता खडकावर आपटली, उलटली. तिकडे दोघांनीही पाहिलं नाही. ताईने पुढचं बोलायला पुन्हा श्वास घेतला, तो अर्ध्यात तुटला, आणि तिने बोट वर करून त्याला थांब म्हणून खुणावलं. तो थांबला.